रडायला दहा मिनिटं

साथीच्या त्या दिवसांत वॉर्डात रडायची सोय नव्हती. अंगभर किट चढवलेलं, डोळ्यांवर घट्ट गॉगल. डोळ्यांत पाणी आलं की गॉगलला आतून वाफ धरायची, आणि ड्यूटी संपेपर्यंत तो काढता यायचा नाही. मग पेशंटची शीर दिसेना, सलाईनचे थेंब दिसेनात. एका सिस्टरनं तशातच सुई स्वतःच्या बोटात टोचून घेतली, तेव्हा मोठ्या सिस्टरनी, म्हणजे वॉर्डच्या इनचार्जनी, नियमच काढला. दुपारच्या ड्यूटीवर येणाऱ्या प्रत्येकीनं किट घालण्याआधी चादरींच्या खोलीत जायचं आणि दहा मिनिटांत काय ते रडून घ्यायचं. एका वेळी एकच. बाहेर स्टुलावर कुणीतरी बसेल आणि वेळ झाली की दार वाजवेल. ज्यांना रडू येत नाही त्यांनी काय करायचं, असं एकीनं विचारलं. त्यांनी नुसतं बसायचं, पण आत जायचंच, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

पहिले दोन दिवस सगळं हसण्यावारी गेलं. तुझं आवरलं का, माझा नंबर कधी, अशी थट्टा चालायची. पुढे ते अंगवळणी पडलं. बायका आत जायच्या, पोटभर रडायच्या, बाहेर येऊन तोंड धुवायच्या आणि कामाला लागायच्या.

ही गोष्ट जिची आहे, तिला वॉर्डात सगळ्या ‘खंबीर’ म्हणायच्या. आधी कौतुकानं, मग चेष्टेनं, शेवटी नुसतं सवयीनं. नवरा बोटीवर नोकरीला, बंदरं बंद म्हणून दूर कुठेतरी अडकलेला. सहा वर्षांची लेक, चिमी, थोरल्या बहिणीकडे ठेवलेली. आणि ही दवाखान्यामागच्या वसतिगृहात, दीड महिना. खंबीर त्या खोलीत जायची, चादरींच्या गठ्ठ्यावर बसायची आणि समोरच्या भिंतीकडे बघायची. उकळलेल्या कापडाचा वास, ब्लीचचा वास, छताजवळ एक छोटी खिडकी. रडू काही यायचं नाही.

त्या नियमाच्या अकराव्या दिवशी नऊ नंबरच्या पलंगावरच्या आजी गेल्या. रोज चिमीची चौकशी करणाऱ्या, ती दात नीट घासते का म्हणून विचारणाऱ्या. खंबीरनं त्यांचे डोळे मिटले, मनगटाला चिठ्ठी बांधली, पलंग पुसून घेतला. ड्यूटी संपल्यावर तिनं डबा उघडला आणि सगळा डबा चवीनं खाल्ला. शेवटचा घास घेताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलेलं नाही. त्या रात्री फोनवर चिमीनं आई कधी येणार विचारलं, तेव्हाही हिला काही वाटलं नाही. हिनं येईन म्हणून सांगितलं, कुणी आजची तारीख विचारल्यावर उत्तर द्यावं तसं. फोन ठेवल्यावर मात्र तिला एक भीती वाटली, आणि त्या दिवसांत तिला वाटलेली ती शेवटचीच गोष्ट म्हणायची. घरी जाऊन लेकीला जवळ घेतलं, आणि तेव्हाही आत काही हललंच नाही तर?

त्यानंतर चारेक दिवसांनी ती चादरींच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा स्टुलावर मोठ्या सिस्टर बसलेल्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडलीस ते बरं झालं गं. किती साठवून ठेवलं होतंस.”

खंबीर त्यांच्याकडे बघतच राहिली. ती तर आत भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिनं गालांवरून हात फिरवला. गाल कोरडेठाक होते. झोप लागून त्या झोपेत आपण रडलो असू, अशी तिनं मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या दिवशी दार वाजवणारी वेगळी होती, आणि तीही तेच म्हणाली. तिनं विचारलं, चिमी म्हणजे तुझी मुलगी ना? तिसऱ्या दिवशी खंबीर आत उभीच राहिली. ओठ घट्ट मिटून, कान देऊन. खोलीत आवाज नव्हता. नव्हता म्हणजे किती नव्हता, तर शेजारच्या वॉर्डातल्या ऑक्सिजनची अखंड घरघरही आत येत नव्हती. दार वाजलं. बाहेरची सिस्टर भेदरलेली होती. असं रडत जाऊ नकोस, ऐकवत नाही, असं म्हणून तिनं तोंड फिरवलं.

आता तुम्ही किंवा मी असतो तर त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नसतं. पण घाबरायलासुद्धा आत काहीतरी शिल्लक असावं लागतं. खंबीर चौथ्या दिवशीही गेली. तिनं एकेक गठ्ठा बाजूला केला आणि मांडणीच्या मागे हात घातला. तिथे एक उशीचा अभ्रा होता. ओला आणि कोमट, कुणीतरी नुकतंच तोंड खुपसून उठल्यासारखा. तिनं तो नाकाशी नेला. त्याला तिच्याच केसांच्या तेलाचा वास होता. तिनं अभ्रा धुण्याच्या पिशवीत टाकला, हात धुतले आणि किट चढवलं.

त्याच रात्री फोनवर चिमी म्हणाली, “आई, तू दुपारी फोनवर किती रडलीस... मी पण रडले मग.”

दुपारी खंबीरचा फोन कपाटात होता, किल्ली मोठ्या सिस्टरांकडे. तिनं बहिणीला फोनवर बोलावलं. ताई हळूच म्हणाली, “अगं, रोजच तर करतेस. रोज तेच म्हणतेस, ‘मला इथे दहाच मिनिटं मिळतात, ताई. मी घरी येऊ का?’”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार... ये म्हणाले.”

पुढच्या दुपारी खंबीर खोलीतून बाहेर आली, तेव्हा मोठ्या सिस्टर हसून म्हणाल्या की आज आत अगदी शांत होतं. मोकळी झालीस एकदाची. आता तुला चार दिवस सुट्टी देते, जा, लेकीला भेटून ये. खंबीरनं मान हलवली. तिला आनंद झाला नाही. पण ती भराभर आवरायला लागली, कारण त्या क्षणी तिला एवढं पक्कं कळलं होतं की आपल्या आधी कुणीतरी निघालेलं आहे.

रस्ते ओस पडले होते. लख्ख उन्हात दुकानं बंद, बाकांवर पट्ट्या बांधलेल्या. ती दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांतच पाऊण तास चालत गेली. ताईच्या घराचे दोन जिने चढली आणि तिनं बेल दाबली. दार उघडून ताईनं तिला पाहिलं. मग तिनं मागे, आतल्या खोलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आतून रडण्याचा आवाज येत होता. खोल, थकलेला. त्या आवाजाला थोपटल्यासारखी चिमी मधूनमधून काहीतरी बोलत होती.

“ही... ही तासाभरापूर्वी आली,” ताई कुजबुजली. “आल्यापासून पोरीला सोडत नाही. मग तू...”

तेवढ्यात चिमीच बाहेर आली. तिच्या फ्रॉकचा खांदा भिजलेला होता. खंबीरनं तोंडावरचा मास्क काढला आणि ती गुडघ्यांवर बसली. चिमीनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. ओळख नसलेल्या मोठ्या माणसांशी जसं बोलायला तिला शिकवलं होतं, तसं अदबीनं ती बोलली.

“माझी आई रडतेय, म्हणून मी तिच्याजवळ बसलेय. सिस्टर, तुम्हाला कोण पाहिजे?”

खंबीरनं तिला जवळ ओढलं. केसांत नाक खुपसलं आणि वाट पाहिली. कढ येईल, घसा दाटेल, निदान हात तरी थरथरतील. पोरगी अवघडून तशीच उभी राहिली. खंबीरच्या बोटांना तिचा दंड लागला आणि ती बोटं आपोआप मनगटाकडे सरकून नाडी मोजायला लागली. नाडी ठीक होती. तिनं तिला सोडलं. चिमी पळतच आत गेली.

खंबीर उठून जिन्याकडे वळली. ताईनं पाठोपाठ येऊन तिचा हात धरला. ती रडत होती, आणि हिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

“थांब. मला एवढंच सांग... आमची खरी तूच ना?”

खंबीरनं प्रामाणिकपणे विचार केला. आतलं रडणं आता थांबलं होतं. चिमीनं काहीतरी गंमत सांगितली असावी, कारण तिथे कुणीतरी हसलं, आधी दबकत आणि मग मोकळेपणी. ते हसू खंबीरचंच होतं, कितीतरी महिन्यांत न ऐकलेलं. त्यात चिमीचंही हसू मिसळलं.

“तिला जेवायला वाढ,” खंबीर म्हणाली, आणि जिना उतरू लागली.