इराणसाठी बाहेर उभी

आशियाई कपच्या सेमीफायनलमध्ये इराण कतारकडून तीन-दोन असा हरला, तो माझ्यामुळे. हे एकदाचं सांगून टाकलं. आता कृपया विसरून जा. इराण हरलेला नाही, सेमीफायनल अजून व्हायचीय आणि मी गॉलवेमध्ये राहणारी एक निष्पाप मुलगी आहे, असं धरून पुढे चला. बर्दियाच्या घरी आजही तसंच धरून चालतात.

मी ज्ञानदा, मूळची सांगलीची. आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या एका कारखान्यात हृदयात घालायच्या बारीक नळ्या मायक्रोस्कोपखाली तपासते. नळीत खोट असेल तर मला बघताक्षणी कळतं. हृदयाचा माझा अनुभव तेव्हा एवढाच होता.

तर, २०२२ चा नोव्हेंबर. रात्रपाळी संपवून मी बसची वाट बघत होते. गॉलवेचा पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो आणि ओळख असल्यासारखा थेट कॉलरमध्ये शिरतो. मी एका बंद पबच्या छज्ज्याखाली घुसले. तिथे आधीच एक मुलगा उभा होता. जाडजूड जॅकेटवरून त्यानं पांढरी फुटबॉलची जर्सी चढवली होती, त्यामुळे तो उशीला अभ्रा घातल्यासारखा दिसत होता. हातात फोन, फोनवर मॅच, आणि चेहरा... घरातलं कुणी आयसीयूत असावं असा.

मी भारतीय आहे. माणूस स्क्रीनकडे असा बघताना दिसला की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघतो.

"स्कोअर काय?"

तो दचकला. मग अगदी अदबीनं म्हणाला, "शून्य-शून्य. इराण आणि वेल्स. तुमचा दिवस चांगला जावो."

आम्ही इंग्रजीत बोलत होतो आणि इंग्रजीत सगळेच यू. पण तो ज्या तऱ्हेनं यू म्हणायचा, त्याचं मराठी 'आपण' असंच करावं लागेल. मी सोयीसाठी 'तुम्ही' करते आहे.

"इथे का उभे आहात?"

"आत मोठा टीव्ही आहे. पण साडेदहाच्या आधी पब उघडायला कायद्यानं बंदी आहे आणि मॅच दहाला सुरू झाली." त्यानं जरा विचार केला. "कायदा करताना इराणचा विचार झालेला दिसत नाही."

मी हसले. त्यानं वळून पाहिलं. तो हसत नव्हता, पण भुवया मात्र हसत होत्या. अशा भुवया मी आधी पाहिल्या नव्हत्या... म्हणजे भुवया पाहिल्या होत्या, पण दखल घेतली नव्हती.

मी कुडकुडत होते. त्यानं जर्सीखालून जॅकेट काढलं आणि पुढे केलं. "हे तुमचंच आहे."

"थँक यू," म्हणून मी ते घातलं. त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला.

इराणी लोकांत तारोफ नावाची एक रीत आहे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. समोरच्याला सगळं देऊ करायचं, समोरच्यानं तीनदा 'नको नको' म्हणायचं, आणि मग दोघांनी ठरवायचं की हे खरंच द्यायचं होतं की नुसतं सौजन्य होतं. मी सांगलीची. आमच्याकडे दिलं की घेतात. ते जॅकेट आजही माझ्याकडे आहे. त्यानं तो हिवाळा दोन स्वेटरांवर काढला.

साडेदहाला मालकानं दार उघडलं. त्याचं नाव मालखी. गोल चेहऱ्याचा साठीचा माणूस, जगातल्या कुठल्याही बातमीवर त्याची एकच प्रतिक्रिया, "ग्रँड." जर्सीवाल्या मुलाला, म्हणजे बर्दियाला, पाहून तो म्हणाला, "इराण ना? दोन हजार एकमध्ये आम्ही तुम्हाला वर्ल्ड कपमधून बाहेर काढलं होतं."

"हे ते मला दर वेळी सांगतात," बर्दिया माझ्या कानाशी म्हणाला. "मी पाच वर्षांचा होतो. तरी दर वेळी मी माफी मागतो."

आम्ही आत गेलो. बर्दियाचे दोन दोस्तही येऊन बसले. तिघंही मॅच बघत होते आणि तिघंही गप्प होते. इराणमध्ये तेव्हा बायकांच्या हक्कांसाठी आंदोलन पेटलं होतं, सरकार ते चिरडत होतं, आणि त्या महिन्यात घरून येणाऱ्या बातम्याच अशा होत्या, की आपल्या टीमसाठी ओरडायचं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. बर्दियानं तर बघणारच नाही अशी शपथ घेतली होती. "मग आलात कसे?" मी विचारलं.

"बहिणीनं फोन केला. नीलूफर. म्हणाली, बघ. माझ्या वाटचं बघ."

मला विनोद सुचला नाही, असं फार कमी वेळा होतं.

मॅच संपत आली. शून्य-शून्यच. माझी बस यायची होती. मी उठले, दार ढकलून बाहेर आले, आणि मागून असा आवाज आला की वाटलं छत कोसळलं. गोल!

बर्दिया धावत बाहेर आला. डोळे भरलेले, तोंडभर हसू, आणि त्या हसण्याची थोडी लाजही. "तुम्ही बाहेर पडलात आणि गोल झाला! आमच्यात अशा माणसाला खुशकदम म्हणतात. म्हणजे ज्याचं पाऊल—"

"पायगुण," मी म्हणाले. "मला माहितीय. माझा उलटा आहे."

मग पावसातच मी त्याला खरं काय ते सांगितलं. सांगलीला आमच्या घरी मी हॉलमध्ये पाऊल टाकलं की भारताची विकेट पडायची. दोन-तीनदा असं झालं आणि कुटुंबानं एकमतानं ठराव केला. चौदा वर्षांची असताना वर्ल्ड कपची फायनल मी गॅलरीत उभी राहून ऐकली. बाबा आतून ओरडायचे, "ज्ञानदा, हलू नकोस गं बाळा, जिंकतोय आपण!" भारत जिंकला, आत सगळे नाचले. मला बोलवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मी हे नेहमी हसत सांगते. सगळे हसतात.

बर्दिया हसला नाही. म्हणाला, "आत या ना. प्लीज."

"वेडे आहात का? अजून मॅच संपली नाही. मी इथून हलणार नाही."

"या ना."

"नाही."

"खरंच या."

"नाही म्हटलं ना!"

तेवढ्यात आतून दुसऱ्यांदा छत कोसळलं. इराण दोन-शून्य. वर्ल्ड कपमधला आपल्या टीमचा तो गोल त्यानं पाहिला नाही. तो तेव्हा माझ्याकडे बघत होता. माझी बस पण त्याच वेळी गेली.

चार दिवसांनी अमेरिकेशी मॅच होती. माझी ड्यूटी होती, म्हणून मी पबबाहेर उभी राहू शकले नाही. इराण हरला. त्यानंतर प्रश्नच मिटला: माझी जागा बाहेर.

वर्षभर हे चाललं. इराणची मॅच असली की मी जॅकेट घालून पबबाहेर उभी. छत्री चालणार नव्हती, कारण पहिल्या वेळी छत्री नव्हती. अशा बाबतीत शिस्त पाळावी लागते. मालखी दारातून डोकावून "सॉफ्ट डे," म्हणायचा. आयर्लंडमध्ये माणूस आडवा होईल इतका पाऊस नसला की त्याला सॉफ्ट डे म्हणतात. हाफटाइमला बर्दिया काचेच्या पेल्यातून काळा चहा आणायचा, सोबत खडीसाखर. तो समुद्री शेवाळावर पीएचडी करत होता आणि चहाचा विषय शेवाळावर कसा न्यायचा, हे त्याला बरोबर जमायचं.

"शेवाळाला मूळ नसतं," तो एकदा म्हणाला. "नुसतं दगडाला धरून ठेवतं. तरी कुठल्याही लाटेत टिकतं."

"तुम्ही स्वतःबद्दल बोलताय की शेवाळाबद्दल?"

"शेवाळाबद्दल." मग थांबून, "बऱ्याच अंशी."

आणि दर वेळी तो तीनदा म्हणायचा, "आत या ना." तोवर मला तारोफ पाठ झाला होता. मी तीनदा नको म्हणायचे. तो मान झुकवून आत जायचा. वाफ धरलेल्या काचेतून मला त्याची पांढरी पाठ दिसायची. एकदा त्यानं आतून बाहीनं काच पुसली... नेमकी माझ्या चेहऱ्याएवढी. मग टीव्हीकडे वळला.

माझी रूममेट अश्लेषा औषधांच्या कंपनीत आहे आणि तिचं बोलणंही औषधासारखंच कडू. ती म्हणाली, "तू त्याच्या प्रेमात आहेस की त्याची वॉचमन आहेस?"

"दोन्ही एकाच वेळी असता येतं."

"पगार मिळतो?"

"चहा मिळतो."

"ज्ञानदा, त्याला तू हवी आहेस का तुझा पायगुण, एवढं तरी विचार बाई!"

नेमकं तेच मला विचारायचं नव्हतं. हो म्हणाला असता तरी तो तारोफ असू शकला असता. आणि गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला एक सोय असते. आपल्याला आत बोलावणारच नाहीत, हे अजून नक्की झालेलं नसतं.

मग २०२४ चा फेब्रुवारी. आशियाई कप. जपानविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली, मी बाहेर भिजत होते, इराण जिंकला. बर्दियाच्या दोस्तांनी मला फुलं दिली. मी ती नाकारली, त्यांनी परत दिली, मी परत नाकारली, तिसऱ्यांदा मालखीनं ती उचलून बारवर ठेवली आणि म्हणाला, "ग्रँड."

आणि सेमीफायनल. कतार.

बुधवारची दुपार, पाऊस अगदी आडवा. दोन-दोन झाले होते आणि खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. बर्दिया टेबलावर फोन टेकवून नीलूफरला टीव्ही दाखवत होता. तिच्याकडे वीज गेली होती. मध्येच मला दिसलं की त्यानं फोन उचलून खिडकीकडे केला. स्क्रीनवर एक छोटासा चेहरा. मी हात हलवला. चेहरा काहीतरी बोलला. बरंच बोलला. बर्दियाची मान खाली गेली.

दोन मिनिटांनी तो बाहेर आला. जॅकेट नाही, चहा नाही.

"नीलूफर म्हणाली, ती ओली मुलगी कोण?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सगळं." त्यानं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. लगेच नवीन आलं. "तुम्हाला दोन हजार एकची ती मॅच माहितीय ना? मालखी सांगतात ती? तिची परतीची, दुसरी मॅच तेहरानला झाली. बाबा मला घेऊन आत गेले. नीलूफर चौदाची होती, फुटबॉलचं वेड तिला, मला नाही. पण तिच्यासारख्या मुलींना आत सोडत नसत. ती आईबरोबर गेटबाहेर गाडीत बसून राहिली. आयर्लंडहून आलेल्या काही बायकांना मात्र आत सोडलं होतं, पाहुण्या म्हणून. शेवटी आमचा एक गोल झाला, तो तिनं नुसता ऐकला. मी आत बाबांच्या खांद्यावर झोपलो होतो."

मी खिडकीतून आत टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

"आत्ता ती मला म्हणाली, मूर्खा, बाईला बाहेर उभं करून मॅच बघायची होती, तर त्यासाठी आयर्लंडला कशाला गेलास?"

एक बस गेली. आमच्यावर पाणी उडालं. दोघांनीही दखल घेतली नाही.

"आत चल," तो म्हणाला.

"नको. दोन-दोन आहे."

"आत चल."

"अहो, मी आत आले की तुम्ही हराल! माझा रेकॉर्ड बघा. मी एकटीनं भारताचे किती—"

"हरू दे."

मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस, ज्यानं जर्सी धुतली की हरतो म्हणून ती दोन वर्षं धुतलेली नव्हती—आणि हे कळायला मायक्रोस्कोप लागत नव्हता—तो सेमीफायनलला 'हरू दे' म्हणत होता.

"हा तारोफ आहे का?" मी विचारलं.

"तारोफ तीनदा असतो. मी दोनच वेळा म्हणालो. तिसऱ्यांदा विचारणार नाही." आणि त्यानं माझा हात धरला. गार, ओला, खारट वासाचा शेवाळवाला हात. "ये."

त्याच्या इंग्रजीत काहीही बदललं नव्हतं, पण त्याचं मराठी आता 'तू' झालं होतं. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी आत गेले. जाऊन बसले. खुर्ची मऊ होती. सव्वा वर्षात मी हे विसरूनच गेले होते. फोनमधून नीलूफर ओरडली, दोस्त घाबरून माझ्याकडे बघत राहिले, मालखीनं टॉवेल फेकला. मी केस पुसायला घेतले.

कतारनं गोल केला.

पबमध्ये सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे मान वळवली. मी टॉवेलमध्ये तोंड लपवलं आणि उठायला लागले. पण बर्दियानं हात सोडला नाही. हरणाऱ्या टीमकडे बघत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, तो म्हणाला, "आता तुला प्रत्येक मॅचला आतच बसावं लागेल."

"किती मॅच?"

"सगळ्या."

"सगळ्या हराल."

"हो," तो म्हणाला. भुवया हसत होत्या. "मी हिशेब करूनच बाहेर आलो होतो."

फोनमधून नीलूफर रडत होती की हसत होती ते नेटवर्कमुळे कळलं नाही. पण ती बर्दियाला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होती आणि तो माझ्याकडे बघत उत्तर देत होता. मी म्हटलं, "काय म्हणतेय?"

"विचारतेय, बसली का नीट?"

"सांग, बसले."

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मुलगा काय करतो?" मी म्हटलं, "शेवाळ." तिनं फोन बाबांकडे दिला. बाबांनी मात्र वेगळंच विचारलं, "तुला आत बसवतो?" मी हो म्हटलं. मग बाबांनीही फोन आईकडे परत दिला.

असो. हे सगळं घडलेलंच नाही, असं आपलं सुरुवातीलाच ठरलंय. त्याला अनुसरून मी पुढील अर्ज केला आहे:

प्रति, मा. अध्यक्ष, आशियाई फुटबॉल महासंघ. विषय: झालेली सेमीफायनल न झाल्याचे समजून पुन्हा खेळविणेबाबत. महोदय, सदर सामना कतारच्या गोलापासून रद्द समजून दोन-दोनवरून पुढे तेहरान येथे खेळवण्यात यावा. श्रीमती नीलूफर यांना मैदानाच्या मध्यरेषेसमोर, पहिल्या रांगेत खुर्ची देण्यात यावी व ती त्यांच्याच नावे कायम ठेवावी. अर्जदार सामना संपेपर्यंत स्वखुशीने गेटबाहेर उभी राहील. मात्र तिच्यासोबत श्री. बर्दिया हेही उभे राहतील, सबब तेथे दोन माणसे मावतील एवढा छज्जा बांधून व पाऊस गॉलवेहून मागवून देण्यात यावा. छत्री नको. ही नम्र विनंती.