पिंगळीला अडकलेलं वऱ्हाड

पाण्याची घागर भरून कस्तुरा नळावरून वळली आणि थेट स्टेशन मास्तरवरच आदळली. अर्धी घागर त्याच्या पांढऱ्या शर्टावर!

"अगं बाई… दिसलं न्हाई मला!"

"दिसलं असतं तर सगळीच वतली असती का?" तो हसला खरा, पण डोळे काही हसले नाहीत.

चौऱ्याऐंशीचा वैशाख होता. ताडकळसचं वऱ्हाड पूर्णेहून पॅसेंजरनं पेडगावला निघालेलं. नवरदेव मुंजाजी कस्तुराचा थोरला भाऊ, म्हणजे करवली तीच. लग्न गोरज मुहूर्तावर… आणि गाडी दुपारपासून पिंगळीत उभी! पुढं मालगाडीचे डबे रुळावरून घसरले होते.

"कधी सुटंल, मास्तर?"

"वरचं कंट्रोल हापिस सांगंल तवा."

"अन् कंट्रोल कधी सांगंल?"

"फोन लागंल तवा."

नवरीचं, कमलचं, एक लग्न हळद लागल्यावर मोडलेलं. आज मुहूर्त हुकला तर गाव तिलाच पांढऱ्या पायाची म्हणणार. वऱ्हाड दिसत नाही म्हटल्यावर तिकडं मांडवात तिचं काय होत असेल… कस्तुरानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

बन्सीधर मास्तर तडक वळला. आत जाऊन त्यानं फोनचा दांडा गरगर फिरवला. "परभणी! पेडगावला कळवा, मांडवात मानूस धाडा. वऱ्हाड वाटंत हाय, थांबा म्हनावं!"

मग कंट्रोल लागला. "साहेब, आमची गाडी डब्यांपस्तोर नेतो. पल्याडून परभणीची रिकामी गाडी द्या. मानसं शेतातून चालत जातील… हॅलो? हॅलो!"

लाइन गप्प झाली.

दारात माणसांची गर्दी. कस्तुराचे वडील दिनकरराव तापले होते. "चला, बैलगाड्या बघू!"

"बैलगाडीनं मुहूर्त गाठनार का, आबा? थांबा… मास्तर म्हनायलेत, गाडी मिळंल."

तो असं काही म्हणालाच नव्हता. बन्सीधरनं चमकून तिच्याकडं पाहिलं.

"न्हाई मिळाली तर?" तो हळूच म्हणाला.

"असं बोलू नगा ना…"

घंटी खणखणली. दोघंही दचकले. "जी साहेब… जी… जी!" आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

गाडी निघाली. कलंडलेल्या डब्यांच्या कडेनं, लुगडी खोचून, मुंडावळ्या-बाशिंगं सांभाळत सगळं वऱ्हाड ढेकळं तुडवत पलीकडं गेलं आणि परभणीहून आलेल्या गाडीत चढलं. सूर्य खाली खाली चाललेला, आणि कस्तुराचा जीव वर वर. पेडगावात गुरं घरी परतत होती. नवरीचा बाप वेशीतच उभा होता. "निरोप आला म्हनून थांबलो, पाव्हनं… न्हाईतर लोकं उठायली व्हती." मांडवात कमलनं कस्तुराचा हात जो धरला, तो अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी लाइन मोकळी झाली. नवरीला घेऊन परतताना पिंगळी आलं. बन्सीधर फलाटावर होता… दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"लागलं का लगीन?"

"लागलं. रातभर त्याच काळजीत व्हते का तुमी?"

"त्या… अन् दुसऱ्या एका." तो हातातल्या झेंडीशी चाळा करू लागला. "तुमी फलाटाच्या बाजूला बसताल का न्हाई, त्या."

कस्तुराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबा डुलक्या काढत होते. कमल मात्र पदराआड हसत होती. गार्डची शिट्टी झाली.

"बाजाराचा दिवस सोडून आबा घरीच असतेत," ती घाईघाईनं म्हणाली.

"येऊ?… अन् आबा न्हाई म्हनले तर?"

गाडी हलली. खिडकीचा गज धरून तो सोबत चालू लागला.

"तुमी इचारा तर खरं! न्हाई म्हनले तर…" तिनं गजावरच्या त्याच्या बोटांवर हलकेच हात ठेवला. "मग मी हाय की."