कृपया रक्षकांना कळवा

झोपेचं सोंग मला फार छान जमतं. मेट्रोत कुणी मदत मागायला आलं की मी मान खिडकीला टेकवते, तोंड किंचित उघडं ठेवते, श्वाससुद्धा लांब घेते. बाकीचे लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसतात, पण ते फारच ढोबळ झालं. त्या सकाळी बाहेर धुकं होतं, काच ओली होती, आणि डब्याच्या टोकाकडून एक खरखरीत आवाज आला, "मंडळी, दोन मिनिटं घेतो तुमची..." मी लगेच झोपले.

"अहो, झोपलेल्या माणसाचा पाय असा ताल धरत नाही."

हे शेजारून, अगदी कानाशी. मी एक डोळा किलकिला केला. कुरळे केस, कडक इस्त्रीचा निळा शर्ट, साबणाचा मंद वास... आणि ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं एक उनाड हसू. मी डोळा पुन्हा मिटून घेतला. चोरी पकडली गेली म्हणून लगेच हार कशाला मानायची?

"काका, आज काय?" आता तो समोर आलेल्या म्हाताऱ्याशी बोलत होता.

"मोजे असले तर बघ रे. उजव्याला भोक पडलंय."

"आणि डाव्याला?"

"डावा नाहीच."

दोघंही हसले. आणि मीही — झोपेत! झालं, पितळ उघडं पडलं.

तो एका लॉन्ड्रीत इस्त्री करायचा. सहा महिने कुणी न्यायला आलं नाही की तिथले कपडे कोपऱ्यातल्या एका पेटीत जायचे, आणि ती पेटी याच्या ताब्यात होती. त्याने पिशवीतून मोजे काढले. एक करडा, एक तपकिरी. काकांनी ते उजेडात धरून नीट तपासले, दुकानात तपासावेत तसे, आणि मगच खिशात घातले.

तेवढ्यात डोक्यावरचा स्पीकर गोड आवाजात बोलला, "कृपया मदत मागणाऱ्यांना काहीही देऊ नका. असे कुणी आढळल्यास कृपया रक्षकांना कळवा."

"ही बाई!" तो स्पीकरकडे बघून म्हणाला. "किती गोड बोलते, आणि बोलते काय! हिच्या दारात कुणी पाणी मागितलं तरी रक्षकांना कळवत असेल. एकदा भेटायचंय मला हिला... तुम्हाला काय वाटतं?"

मी पुन्हा डोळे मिटून घेतले. कारण ती बाई मीच होते.

दोन वर्षांपूर्वी, भिंतींना स्पंज लावलेल्या एका लहानशा खोलीत बसून मी सगळ्या स्टेशनांची नावं वाचली होती, दरवाजे कुठल्या बाजूला उघडतील ते वाचलं होतं, आणि कागदाच्या तळाशी असलेलं ते वाक्यही. "शेवट जरा हसून घ्या," रेकॉर्डिंगवाले दादा म्हणाले होते. मी हसून घेतला. आईला तर माझं इतकं कौतुक, की शेजारच्या मावशींना ती काही काम नसताना मेट्रोतून फिरवून आणायची आणि स्पीकरकडे बोट दाखवून म्हणायची, "ही आमची धाकटी."

"घसा बसलाय," मी कुजबुजले.

आणि मग तो घसा बरा होईचना. एक आठवडा, दोन आठवडे, तीन... तो रोज माझ्यासाठी जागा धरायचा, घशाच्या गोळ्या आणायचा. आज लिंबाच्या, उद्या मधाच्या. कुजबुजत बोलायचं म्हणजे जवळ सरकावं लागतं, हा फायदा मी आधी अजिबात लक्षात घेतला नव्हता. खरंच नव्हता.

"डॉक्टरांना दाखवलंस?" कधी 'अहो'चं 'अगं' झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"दाखवलं."

"काय म्हणाले?"

"कमी बोला म्हणाले."

"आणि तू रोज चाळीस मिनिटं माझं डोकं खातेस! सरकू का मग लांब?"

"मी कुठे सरक म्हणाले..."

तो हसला, की माझा दिवस मजेत जायचा. त्याच्या बोटांवर इस्त्रीचे बारीक चटके होते, त्यांवर फुंकर घालावीशी वाटायची. मी आकंठ प्रेमात बुडाले होते, आणि रोज ठरवायची — आज सांगायचंच. पण वर माझाच आवाज सुरू व्हायचा, तो तोंड वाकडं करायचा, आणि माझा धीर सुटायचा.

एक दिवस तो रजेवर होता. काका येऊन माझ्याशेजारी बसले. पूर्वी ते लिफ्ट दुरुस्त करायचे, एवढं मला कळलं होतं.

"आज घसा बरा करायला हरकत नाही," ते म्हणाले. "तो नाहीये."

मी गडबडीने आजूबाजूला पाहिलं.

"दिवसाला शंभर वेळा ऐकतो तुम्हाला. 'घसा बसलाय' म्हणालात, तेव्हाच ओळखलं. घाबरू नका, मी रक्षकांना नाही कळवणार." ते गालातल्या गालात हसले. "आवाज चांगला आहे हो. थंडीत गाडीत बसलो की घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. फक्त ते एक वाक्य आलं, की मी कान झाकतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा, काका," मी म्हणाले. खऱ्या आवाजात.

"मला काय सांगता? त्याला सांगा. दुसरीकडून कळलं तर फार लागेल त्याला."

तरीही मी सांगितलं नाही. गुरुवारपर्यंत.

गुरुवारी कुणीतरी दाराजवळचं बटण दाबलं. दोन रक्षक आत आले. "चला, उतरा." काका मुकाट्याने उठले, या गोष्टीची सवय असल्यासारखे.

"त्यांच्याकडे तिकीट आहे!" तो ताडकन उभा राहिला.

"तक्रार आलीय, साहेब. दर दहा मिनिटांनी सूचना होते, ऐकता ना तुम्ही?"

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मी उठले आणि स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाले, "ती सूचना माझी आहे. आणि हे माझ्याबरोबर आहेत. काका, बसा."

अर्ध्या डब्याने मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. रक्षकांनीसुद्धा.

"मॅडम... त्या तुम्ही?"

"हो, मीच."

ते दोघं एकमेकांकडे बघत पुढच्या स्टेशनवर उतरून गेले. काका बसले. तो मात्र उभाच होता, माझ्याकडे बघत. ते उनाड हसू कुठेच नव्हतं.

"पाच आठवडे," तो एवढंच म्हणाला. त्याचं स्टेशन आलं, आणि तो मागे वळूनही न बघता उतरला.

त्याच दिवशी मी ऑफिसात जाऊन ते वाक्य काढायला सांगितलं. साहेब म्हणाले, "मग तुमचं सगळंच काढावं लागेल." म्हटलं, काढा. घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तसंही ते वाक्य आलं की मी मावशींशी मोठमोठ्याने बोलायला लागायचे."

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी माझ्या गाडीत नव्हता. सोमवारी स्पीकरमधून एक नवीन मुलगी बोलू लागली, आणि ते वाक्य तिनेही वाचलं. काकांनी कान झाकले. मी त्यांच्याकडे बघत होते, तेवढ्यात साबणाचा वास आला.

"हा आवाज तुझा नाही," तो म्हणाला.

"नाही. मी सोडलं ते काम."

"मी शनिवारी दिवसभर गाडीतच होतो. पुढचं स्टेशन, दरवाजे डावीकडे... तुला ऐकत. राग जाईपर्यंत बसायचं ठरवलं होतं."

"गेला?"

"दुपारीच गेला. नंतर उगाच बसलो." त्याने मान खाली घातली. "आणि मी तरी कुठला मोठा लागून गेलो? काकांची ओळख व्हायच्या आधी वर्षभर ते दिसले की मी डबा बदलायचो. हे तुला सांगितलंच नाही, चांगला दिसावं म्हणून."

माझे डोळे भरून आले. "मलाही एक सांगायचंय..."

"सांग. पण कुजबुजून नाही हं."

म्हणून मी सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "तू मला आवडतोस. फार आवडतोस."

लोकांच्या माना मोबाइलमधून वर आल्या. काका खिडकीबाहेर बघायला लागले. त्याचं स्टेशन आलं, दरवाजे उघडले... मिटले. तो माझ्याशेजारीच बसून होता, कानापर्यंत लाल होऊन.

"पुन्हा एकदा म्हण ना," तो म्हणाला.