मालूचं स्मरणचित्र

“मालू, दप्तर राहू दे, नुसते कपडे घे! आता शाळा पुरे!”

रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात कमळाकरचा आवाज घुमला, आणि शकूताईनं हातातला चहाचा कप तसाच बशीत ठेवला... पाठचा भाऊ! घरातून एकालाच मुंबईला चित्रकला शिकायला पाठवणं जमणार होतं, तेव्हा ‘मला नाय तिथं करमायचं’ असं हसत सांगून जिनं याची वाट मोकळी केली, त्याच बहिणीच्या दारात आज तो तिच्यावर उखडला होता!

“पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेली पोर माझी. तुझ्याकडं आली तेव्हा झरझर गणपती काढायची. आणि आता? वाकडी नाकं, सुजलेली तोंडं! हात बिघडवलास तू तिचा. मी मुंबईला गेलो, त्याचा सूड उगवलास!”

सूड... शकूताईच्या काळजाला तो शब्द चटका लावून गेला. 

अहो, काय बाई होती ती! रोह्याच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला पाचवीच्या पोरांना ती निळी गाय काढू द्यायची आणि वर त्या गाईचं नाव विचारायची. आठवीपुढे तांब्या ठेवून सांगायची, आधी पाच मिनिटं नुसतं बघा. आणि दहावीतल्या, मिसरूड फुटलेल्या, सगळं येतंय अशा थाटात बसणाऱ्या मुलांना आईचे हात आठवून काढायला लावायची. मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत! वीस वर्षांत कुणाच्या कागदावर तिनं स्वतःची एक रेघ ओढली नव्हती.

मालूचं दुखणं मात्र निराळं होतं. साच्यातल्या सुबक मूर्ती बघत वाढलेली ती पोर भाजीवाली काढो की पोस्टमन, सगळ्यांना गणपतीचेच लांबसडक, शांत डोळे देई. अगदी म्हशीलासुद्धा! वर्ग खो खो हसला होता, शकूताई हसली नव्हती. त्या पोरीला माणसांचे डोळे दिसायला दोन वर्षं लागली.

“सूड म्हणतोस ना? मग हे एकदा बघ आणि खुशाल ने तिला.” तिनं मालूचं गेल्या आठवड्यातलं स्मरणचित्र भावाच्या हातात दिलं.

कमळाकर कागद घेऊन उजेडासाठी दाराशी गेला. त्यानं तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला... 

चित्रातही कारखान्याच्या दाराशी एक माणूस उभा होता. हातातली मूर्ती नाकापर्यंत आणलेली, कपाळाला आठ्या, एक डोळा मिटलेला, दुसरा लाल, पाणावलेला. शकूताईनं चित्राकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

“कमळाकर... कधीपासून दिसत नाय रे तुला?”

त्यानं कागद खाली घेतला. मग त्याचा सगळा ताठा गळून पडला.

“दिवाळीपासून. हिच्या आईलाबी सांगितलं नाय. रंगकाम पोरं करतात गो, पण मूर्तीचे डोळे आखायला माझाच हात लागतो. आता आषाढ लागला, मूर्ती तशाच बसल्यात... म्हणून हिला न्यायला आलो.”

“मला ठाऊक होतं, बाबा,” मालू हुंदका देत म्हणाली. “तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाय... नुसतं काढलं.”

शकूताईनं पुढे होऊन भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“पोर इथंच शिकेल. डोळे मी आखीन. शनिवारी शाळा सुटली की पेणची एस.टी. धरीन, रविवारी दिवसभर बसेन. पण आधी डॉक्टरकडं जायचं, उद्याच!”

“तू आणखी किती मरशील माझ्यासाठी? आधीच तू...” कमळाकर बोलता बोलता थबकला. “ताई, मुंबईत करमणार नाय म्हणाली होतीस... ते खरं नव्हतं ना गो?”

शकूताईनं पदर तोंडाला लावला.

कमळाकर ते चित्र उराशी धरून मटकन उंबऱ्यावर बसला.

“माझ्या पोरीला तू बघायला शिकवलंस, ताई! मला तेव्हा कुणी शिकवलं असतं, तर मुंबईला जाताना तुझ्या तोंडाकडं एकदा तरी नीट बघितलं असतं गो!”