मशीन थांबलं का नाही?

"माझ्या पोराचा पाय कुणी कापला तेवढं शोधून द्या. बाकी काय बी नको मला."

खुर्चीत बसायच्या आधीच चंद्राबाईंनी हे सांगून टाकलं. शहापुरात चाळीस वर्षं मागावर साड्या विणलेली ही बाई. सकाळी साडेदहा वाजता ती बेळगावच्या कॅम्पात, माधवी अष्टेकरच्या कचेरीत, एक पिशवी छातीशी धरून उभी होती.

माधवी खासगी तपासनीस. तिच्या मदतीला भरमूअण्णा, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा, पण डोकं चालायला लागेपर्यंत चहा दोनदा गार व्हायचा.

"बसा आधी. काय झालं?"

परवा एका बंगल्यातल्या रेन ट्रीच्या फांद्या उतरवताना चंद्राबाईंचा मुलगा सौरव दोरावर लटकून काम करत होता. झाड कापायचं साखळीचं मशीन उसळलं आणि डाव्या मांडीत घुसलं. अंगात त्या कामाची खास पँट होती. तिच्या आत पांढऱ्या तंतूंचे थर असतात. साखळी मांडीला लागली की मशीन जागच्या जागी थांबायला हवं. ते थांबलं नाही. पाय कसाबसा वाचला, पण झाडावर चढणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"किशननंच केलंय," चंद्राबाई म्हणाल्या. "खाली दोर धरणारा. वर चढायचं काम माझ्या सौरवला मिळालं, त्याला न्हाय. लई पोटात दुखत व्हतं त्याच्या. कामाचं सामान त्याच्याकडं ऱ्हातंय, पँट आठ दिवस त्याच्याच घरात व्हती. आतलं सगळं काढून टाकलं असणार. मी तक्रार दिली आन् काल उचलला त्याला."

"चार वाजता कोर्टात उभा करणार हायत," भरमूअण्णा हळूच माधवीला म्हणाले. "जीवे मारायचा प्रयत्न म्हणून. पोरगं लवकर सुटायचं न्हाय, आक्का."

माधवीनं घड्याळ पाहिलं. हातात साडेपाच तास होते.

तेवढ्यात चंद्राबाईंची नजर भरमूअण्णांच्या बाहीवर गेली. तिथं एक दोरा लोंबत होता. त्यांनी तो बोटांत धरला, एकाच हातानं बारीक गाठ मारली आणि उरलेलं टोक दातानं तोडलं. डोळ्यांतलं पाणी चालूच होतं.

"सुटा धागा दिसला की हात ऱ्हात न्हाय," त्या ओशाळून म्हणाल्या. "मागावर एक जरी सुटला तरी अख्खं पातळ वाया जातंय."

"किशनकडं जायच्या आधी पँट कुठं होती?"

"माझ्याकडं. बाभळीच्या काट्यानं मांडीवर फाटलीती. धुऊन, नीट करून, पिशवीत बांधून दिली मी. माझ्या घरात तिला काय बी झालं न्हाय."

दवाखान्यातून परत मिळालेली ती पँट त्यांनी टेबलावर ठेवली. रक्त वाळून कापड कडक झालं होतं. माधवीनं भिंगातून चीर पाहिली. आतले पांढरे थर जागेवरच होते, सुरीनं कापावेत तसे सरळ कापलेले. बाहेर मांडीभर, काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे बारीक टाके ओळीनं गेले होते.

"कंपनीची शिलाई झक्कास हाय," भरमूअण्णा म्हणाले. "म्हंजे आतलं कुणी काढलं न्हाय. मग मालच खोटा! पँट देणाऱ्या ठेकेदाराला धरूया."

ठेकेदार गुंडूआप्पा आपल्या गोदामात आधीच चिडून बसला होता.

"खोटा माल? माझ्याकडं? ह्याच खोक्यातली दुसरी पँट हाय, बघा की!"

दुसरी पँट कोरी होती. मांडी सपाट, गुळगुळीत. माधवीनं कात्री घेतली आणि सरळ तिची मांडी कापली.

"अगं आई गं! नवी हाय ती!"

माधवीनं आतले तंतू चिमटीत धरून ओढले. हातभर लांबीचा पांढरा पुंजका सरसर बाहेर आला, आणखी आणखी येतच राहिला.

"माल खरा आहे. मशीन दाखवा."

"पोलिसांनी फोटो काढून तसंच ठेवायला सांगितलंय. कुणी पुसलं बी न्हाय."

साखळी जिथं दातेरी चाकावरून फिरते तिथलं झाकण काढलं. भुसा, तेल, रक्त. पांढरा धागा एकही नाही. पँटबरोबर आलेली सूचनांच्या कागदाची घडी प्लास्टिकमधून कुणी बाहेरसुद्धा काढली नव्हती. माधवीनं ती जीपमध्ये पोलीस ठाणं येईपर्यंत दोनदा वाचली.

किशनच्या शर्टावर अजून सौरवचं रक्त होतं.

"तुला वर चढायचं होतं ना?"

"व्हय. राग बी आलता. खोटं कशाला बोलू? पण दोर बांधायला मला त्यानंच शिकवलंय, मॅडम. त्याला खाली घेतला, टॉवेलनं मांडी आवळली."

"पँट उघडली होतीस?"

"न्हाय. मावशींनी मारलेली पिशवीची गाठ कामावर सौरवनंच सोडली. घातल्यावर म्हणाला, मांडीवर ताठ लागतीया रं. मी म्हटलं, धुतल्यामुळं असंल."

"खोटं बोलतोय," बाहेर आल्यावर भरमूअण्णा म्हणाले.

"नाही अण्णा. खरं बोलतोय. म्हणूनच मला जड जातंय."

अडीच वाजता कचेरीत चंद्राबाई आणि गुंडूआप्पा समोर बसले. टेबलावर दोन्ही पँटी होत्या.

"ही पँट जाड आहे म्हणून वाचवत नाही," माधवीनं सुरुवात केली. "आतले तंतू सुटे असतात म्हणून वाचवते. साखळी लागली की ते ओढले जातात, चाकात गुरफटतात आणि मशीन अडकतं. सौरवच्या मशीनमध्ये एकही तंतू नव्हता. म्हणजे ते ओढलेच गेले नाहीत."

"काढले असतील!" चंद्राबाई ओरडल्या.

"ओढून बघा."

चंद्राबाईंनी फाटलेल्या मांडीतले तंतू धरून ओढले. ते हलले नाहीत. त्यांनी जोर लावला. तरी नाही.

"कोऱ्या पँटच्या मांडीवर टाका नाही. हिच्यावर आहेत, म्हणजे कंपनीचे नव्हेत. आरपार, वाकळेला घालतात तसे. त्यामुळं मांडी ताठ झाली आणि तंतू जागेला बांधले गेले. सूचनांत पहिलंच लिहिलंय, आतल्या थरातून सुई घालू नका. किशननं पिशवीच उघडली नाही. त्याच्याआधी पँट एकाच घरात होती." माधवीनं कापड उलटं केलं. "ही गाठ ओळखा, चंद्राबाई."

भरमूअण्णांनी आधी स्वतःच्या बाहीकडं पाहिलं, मग गाठीकडं, आणि त्यांचा चेहरा पडला.

चंद्राबाईंचं बोट त्या गाठीवर थांबलं.

"भोकातनं पांढरं सुटं सुटं बाहेर येत व्हतं," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, आतलं गोळा व्हईल, माझ्या लेकराला टोचंल. दोन दिवस बसून घातले वं टाके. दोन दिवस!"

घड्याळात पावणेतीन झाले होते.

"किशनला चारला नेतील. तक्रार तुमच्या सहीची आहे."

चंद्राबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "चला."

ठाण्यात त्यांनी सगळं स्वतः सांगितलं, कुठं अडखळल्या नाहीत. साहेबांनी तक्रार परत घेतल्याचा जबाब लिहून घेतला, कचेरीतल्या दोन्ही पँटी मागवून पाहिल्या आणि किशनला बाहेर आणलं. चंद्राबाईंना त्याच्याकडं मान वर करून बघवेना.

काय झालं ते कळल्यावर किशन भिंतीला टेकला. मग जवळ आला.

"मावशी, सौरवला ह्यातलं काय बी सांगू नका. पँटच खराब व्हती म्हणून सांगतो मी. त्याला सोसायचं न्हाय."

"आन् उद्या त्यानं गुंडूआप्पाची गचांडी धरली तर? तुझ्यावर आळ घेतला तो एकदा पुरे झाला. मीच सांगणार त्याला."

दवाखान्यात जायला रिक्षा आली. चंद्राबाई आत बसल्या, कडेला सरकल्या आणि पहिल्यांदाच किशनच्या तोंडाकडं बघितलं.

"तू बी ये रं. एकटीला माझ्यानं बोलायचं व्हणार न्हाय."

किशन रिक्षात चढला.