माकिता-सानच्या चुका

त्या रविवारी मी माझं प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेल-गाड्यांचं दुकान उघडणारच नव्हते. सकाळपासून पाऊस पिरपिरत होता, आणि दमट हवेत रंगाचा फवारा मारला की रंगावर पांढरट झाक येते, हे माझ्या गिऱ्हाइकांना पाठ असतं. कोण मरायला येणार? तरी उघडलं. नसतं उघडलं तर फार बरं झालं असतं.

तो दारात छत्री झटकत उभा राहिला. कानामागून पाण्याचा एक ओघळ थेट कॉलरमध्ये चालला होता, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"इथे बसून गाडी बनवता येते ना?"

"येते. तासाला पाचशे येन. कटर, पॉलिश पेपर, थिनर सगळं आमचं. बोट कापलं तर पट्टीसुद्धा आमची."

"मग पट्ट्यांचा डबा जवळच ठेवा."

मी हसले... आणि तिथेच फसले.

त्याने सुट्या भागांचा खोका टेबलावर ठेवला. गुटगुटीत गाड्या असतात ना, खरी गाडी चेपून आखूड केलेली, चाकं फुगवलेली, दिवे बाळाच्या डोळ्यांसारखे टपोरे, त्यातली होती ती. तिला चहाच्या कोवळ्या पानांचा हिरवा रंग द्यायचा, मागचं आसन काढून पुढे दोन बाहुल्या बसवायच्या, असं तो म्हणाला. नवरा आणि नवरी.

"कोणाचं लग्न?"

तो जरा घुटमळला. "माझं. नोव्हेंबरात. हॉलच्या दाराशी ठेवायची आहे. कासुमीची गाडी अशीच आहे. पण थिनरच्या वासाने तिचं डोकं चढतं, म्हणून घरी बनवता येत नाही."

म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत मला सगळं कळलं होतं. मला कोणी फसवलं नाही, हे मी स्वतःला रोज बजावते.

हिसाशी माकिता. चहाच्या गोदामात नोकरी, वय तीस, आणि हात... काय सांगू त्या हातांबद्दल! भाग प्लॅस्टिकच्या चौकटीतून सोडवताना दोनदा कापायचा असतो, आधी जरा लांबून, मग अगदी जवळून. याने पहिलाच भाग एका दणक्यात कापला आणि गाडीच्या दारावर पांढरा ओरखडा पाडला.

"अहो, नखं कापताय का?" मी कटर काढून घेतला. आमची बोटं एकमेकांना लागली. त्याचे कान लाल झाले.

"परत दाखवा ना," तो म्हणाला. "हळू."

मी परत दाखवलं. हळू.

मग दर रविवारी तो यायचा आणि दर रविवारी काहीतरी बिघडवायचा. घासायच्या आधीच रंग दिला. डावी चाकं उजवीकडे बसवली. एकदा ओल्या बॉनेटवर अंगठा ठेवला, अख्खा ठसा उमटला. मग रंग उतरवा, घासा, परत फवारा, परत आठवडाभर वाळवा. मी ओरडायचे, तो मान खाली घालून ऐकायचा, आणि शेजारून ओदेनच्या, म्हणजे काळ्या रश्श्यात शिजवलेल्या तुकड्यांच्या, चार काड्या घेऊन यायचा. दोन मला, दोन त्याला.

ओदेनवाल्या मात्सुए मावशी दारातून डोकावायच्या. "आला गं तुझा अंगठेबहाद्दर!" एकदा त्या हळूच म्हणाल्या, "चिझुरू, लग्न ठरलेल्या माणसासाठी पावडर लावून बसतेस होय?"

"प्लॅस्टिकचा भुसा आहे तो, मावशी."

"हो का? दोन्ही गालांवर सारखाच उडाला!"

मी गाल पुसले. प्रेमात पडले होते मी, दुसरं काय. शनिवारी रात्री केस धुवायला लागले होते. त्याच्या जाकिटाला ओल्या चहाचा वास यायचा, तो आठवडाभर खुर्चीला राहावा म्हणून त्या खुर्चीत मी कोणाला बसू देत नव्हते. आणि त्याच्याकडून? नजर वर करून तो कधी काही बोलला नाही. चुकला फक्त.

ऑक्टोबर संपता संपता गाडी जवळजवळ झाली. लग्नाला तीन आठवडे उरले होते. मी चहा ओतायला आत गेले, आणि तेवढ्यात त्याने पुढची काच झटकन चिकटणाऱ्या गोंदाने लावून टाकली. हे काम करणारा कुणीही असं करणार नाही. त्या गोंदाची वाफ बंद गाडीत कोंडते आणि काच आतून पांढरी पडते. मी आले तोवर काचेवर धुकं धरलं होतं आणि आतले नवरा-नवरी दिसेनासे झाले होते.

"आता?" त्याने विचारलं.

आता काही नाही. काच हलक्या हाताने सोडवायची, मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घ्यायचं आणि चोळायचं. दहा मिनिटांचं काम.

"काच बदलावी लागेल," मी म्हणाले. "कंपनीला पत्र लिहून नवीन मागवायची. दोन आठवडे तरी जातील."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की मला ते उमगलंच नाही.

"दोन आठवडे," तो म्हणाला. "चालेल."

पुढच्या रविवारी काहीच काम नव्हतं. तरी तो आला. कप दोन्ही हातांत धरून बसला.

"चिझुरू-सान..." माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. एरवी नुसतं 'तुम्ही' असायचं. "आणि गाडी नाहीच झाली तर?"

नकोच होऊ दे – हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, खरंच आले होते. पण मी कोण? तो सहज विचारत असेल तर? मी तोंड उघडलं आणि आतून दुकानदारीण बोलली.

"होणार. वेळेत देणं माझं काम आहे. तुम्ही निर्धास्त राहा."

त्याने मान हलवली. उठून स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि गेला.

काच टपालाने आली. तो नाही आला. फोनवर म्हणाला, "तुम्हीच बसवा. कासुमी येऊन नेईल."

ती शनिवारी दुपारी आली. लग्न दुसऱ्या दिवशी अकराला. वासामुळे नाकावर मास्क होता आणि हातात माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी. तिचा राग राग करायचं मी ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

"किती गोड!" ती वाकून बघत होती. "आम्ही दोघं आत दिसतोय की!" मग तिने सहज विचारलं, "पण याला चार महिने का लागले हो?"

"म्हणजे?"

"त्याच्या आईकडे कपाटभर गाड्या आहेत, सगळ्या त्यानेच बनवलेल्या. शाळेत असल्यापासून बक्षिसं मिळवायचा. माझ्या डोकेदुखीपायी सोडलं त्याने. मला वाटलं, दोन रविवारांत उरकेल."

मी खोका बांधत होते. दोरीची गाठ काही केल्या बसेना.

ओरखडा, चाकं, अंगठा, गोंद... ते सगळं त्याने जाणूनबुजून केलं होतं. आणि काच? ती पुसता येते हे ज्याला शाळेपासून माहीत, त्याच्या तोंडावर मी दोन आठवडे म्हणाले होते. माझं खोटं त्याने तेव्हाच ओळखलं. म्हणून हसला. म्हणून पुढच्या रविवारी, सगळा धीर गोळा करून, त्याने विचारलं. आणि मी त्याला निर्धास्त राहायला सांगितलं.

कासुमी उत्तराची वाट बघत होती.

"माझ्या दुकानात फार ओल आहे," मी म्हणाले. "रंग लवकर वाळत नाही."

"अच्छा." तिने कमरेत वाकून माझे आभार मानले, खोका छातीशी धरला आणि ती गेली.

त्याचा नंबर माझ्या वहीत आहे. उद्या अकरापर्यंत वेळही आहे. दोनदा फोन उचलला मी, आणि दोनदा ठेवला. सांगणार काय? की ती काच पुसता येत होती? ते तर त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.