हरणाऱ्याची खुर्ची

सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एक मुलगी एका मुलाच्या प्रेमात पडली ती तो सारखा हरतो म्हणून. आणि पडण्याआधी तिने त्याच्यावर इतका संशय घेतला, पोरांनो, की तेवढ्या संशयात गावातले सगळे चोर पकडून झाले असते.

मुलगी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवायची. कवळीचा दात कानशीने घासताना तिचा हात कधी हलला नाही. टेबल टेनिसमध्ये हरली की मात्र त्याच हाताने बॅट आपटायची. एकदा तिने चेंडूकडे असं काही पाहिलं, की चेंडू जागच्या जागी तडकला. माझ्या डोळ्यांदेखत!

त्यात क्लबचा नियम भारी दुष्ट. जो हरेल, त्यानेच त्या टेबलावरच्या पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं. घाम वाळायच्या आत दुसऱ्याचे गुण मोजायचे.

अशीच ती एकदा फुगून खुर्चीत बसली, आणि समोर आला एक लिफ्ट दुरुस्त करणारा. नखांत काळं वंगण, केस विस्कटलेले. तोही हरला. सरळ हरला. आणि हसला! वर जिंकलेल्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला पाण्याच्या पिंपाशी घेऊन गेला... आणि तिथे दोघांची कुजबुज.

पुढच्या स्पर्धेतही तेच. हरला, हसला, कोपऱ्यात गेला.

"काहीतरी काळंबेरं आहे," ती घरी वहिनीला म्हणाली. "मुद्दाम हरतो तो. नेमका माझ्याच टेबलावर."

"तू त्या खुर्चीत असतेस, म्हणजे तूही आधी हरलेलीच असतेस ना?" वहिनी म्हणाली. "मग तूही मुद्दामच का?"

त्यावर ती वहिनीशी बोलेनाशी झाली. पण मनात एक ठरलं होतं – आणखी एक स्पर्धा. त्यातही हरले, तर बॅट भाचीला देऊन टाकायची आणि खेळ कायमचा बंद.

आणि हरलीच. एका डावऱ्या मुलीने तिला पार धुऊन काढलं. बॅट पिशवीत कोंबून ती खुर्चीत बसली, तर पिंपाशी तो लिफ्टवाला... त्या डावरीशी कुजबुजतोय. दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. तिने भलत्यालाच गुण दिला. सामना संपताच ती तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काय चाललंय तुमचं? कुणाला काय सांगता माझ्याबद्दल?"

"सांगत नाही... विचारतो."

"काय?"

"मी कुठे सापडलो, ते. ज्याने हरवलं त्यालाच ते नीट ठाऊक असतं. मग पुढच्या स्पर्धेपर्यंत तेवढंच घोटायचं."

"आणि हसता कशाला?"

"रडका चेहरा बघून खरं कोण सांगेल हो?"

"आज तर तुमचा सामनाच नव्हता."

त्याचे कान लाल झाले. "आज... तुमचं विचारलं. तुम्ही कुणाला विचारत नाही ना. आणि बॅट अशी कोंबलीत, जणू पुन्हा काढायचीच नाही."

"मग? काय म्हणाली ती?"

"मी सांगितलं तर विश्वास ठेवाल?"

नसता ठेवला. म्हणून ती स्वतः गेली. तो हॉल ओलांडेपर्यंत बाहेरच्या झाडांना पालवी फुटून गळूनसुद्धा गेली असेल. डावरी म्हणाली, "तू चिडलीस की मनगट आवळतेस. मग चेंडू कोपऱ्यात टाकायचा, बास."

एवढंच? उशी भिजवली ती एवढ्याशा गोष्टीसाठी?

बॅट भाचीकडे गेलीच नाही. संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये दोघांचा सराव सुरू झाला. टक्-टक्... टक्-टक्... आणि मध्येच तो तिचा हात धरून दाखवायचा.

"मनगट सैल सोडा."

"तुम्ही आधी सोडा की."

तो गडबडून सोडायचा, आणि तिला वाटायचं... इतक्या लवकर?

तरी संशय जाईना. ती त्याला रोज हरवू लागली, तेव्हा तिने डोळे बारीक करून विचारलं, "खरं सांग, मुद्दाम हरतोस ना?"

"मुद्दाम हरायला आधी जिंकता यावं लागतं," तो म्हणाला. आपण त्याला अरे-तुरे केलं, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

आणि मग एका संध्याकाळी, पोरांनो, त्या लिफ्टवाल्याने बॅट टेबलावर ठेवली. छाती पुढे काढली. आवाज जरासुद्धा न कापता, सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "माझ्याशी लग्न—"

"थापा," आतल्या खोलीतून आवाज आला, आणि त्यामागून हात पुसत म्हातारी दारात येऊन उभी राहिली. "बॅट ठेवली कुठली, हातातून पडली होती याच्या. टेबलाखाली शोधत बसला होता. विचारलं मी. आणि हा नाही म्हणाला असता ना, तरी दुसऱ्या दिवशी मी सरावाला गेलेच असते."